बांध कोरला तर कुणाकडे जायचं?

४ जून
प्रोजेक्ट गुटेनबर्गवरून रशियन अराजकवादी क्रोपोटकिनचं ‘म्युच्युअल एड’ (१९०२) उतरवून घेतलं. फुकट, खातं उघडायची, ईमेल द्यायची भानगड नाही. जीवनसंघर्षावरच्या जीवशास्त्रज्ञ हक्सलेच्या १८८८ च्या निबंधाला दिलेलं हे उत्तर. सायबेरियात हिंडताना एकाच जातीच्या प्राण्यांतली जीवघेणी झुंज क्रोपोटकिनला शोधूनही फारशी सापडली नाही. दिसली ती अमूर नदी ओलांडायला हजारोंनी एकवटलेली हरणं. तिथून तो मध्ययुगीन शहरांतल्या कारागीर-संघांपर्यंत येतो. वरून हुकूम न सुटताही माणसं एकमेकांना धरून राहतात, एवढंच त्याला दाखवायचंय. रात्री दीड वाजला.

८ जून
प्रुधाँ, १८४०. मालमत्तेला चोरी म्हणणारा, एवढंच ऐकून होते. त्याचा खरा राग आहे तो खंड, भाडं आणि व्याज यांवर. कसणाऱ्याचा ताबा त्याला मंजूर, न कसता पीक नेणारी मालकी नामंजूर. कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही.

११ जून
आज पलीकडची, खाजगी मालकी मानणाऱ्यांची फळी. अलाबामातल्या मीझेस इन्स्टिट्यूटनंही आपली कितीतरी पुस्तकं मोफत ठेवली आहेत. बास्तिया (१८५०) म्हणतो, कायदाच लुटीचं हत्यार झालाय. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉथबार्डला तर राज्यसंस्थाच नको. इथवर क्रोपोटकिन शेजारी बसून मान डोलावेल. पण रॉथबार्डचं सारं स्वातंत्र्य खाजगी मालकीच्या पायावर उभं, आणि क्रोपोटकिनला तोच पाया उखडायचा. सरकार दोघांनाही नको, भांडण सातबाऱ्यावरून.

१५ जून
निफाडहून मामा आले. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून खिशाला. विकिस्रोतावर संघटनेच्या शरद जोशींची पुस्तकं फुकट वाचता येतात म्हटल्यावर खूश झाले. सरकारनं शेतकऱ्याच्या पाठीवरून उतरावं, बाकी आमचं आम्ही बघू, हे मामांचं जुनं पालुपद. मी म्हटलं, “मामा, इथं तर सरकारच नको म्हणणारे आहेत.”
“ते ठीक आहे गं. पण शेजाऱ्यानं बांध कोरला तर जायचं कुणाकडे? तलाठी नको, मोजणीवाला नको, पोलीस नको. मग?”

१६ जून
मामांचा प्रश्न घेऊन सगळ्यांना पुन्हा चाळलं. क्रोपोटकिन गावाकडे बोट दाखवतो: पूर्वी गावसभाच तंटे मिटवत, राज्यानं ते काम बळकावलं. रॉथबार्डकडे बाजार आहे: पैसे मोजून संरक्षण देणाऱ्या, निवाडा करणाऱ्या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या संस्था. तत्त्वज्ञ नोझिक (१९७४) म्हणतो, अशा संस्थांमधून शेवटी एक प्रबळ ठरते आणि तिचंच छोटंसं राज्य होतं. तेवढं असू द्यावं. पहिल्या उत्तरात गावातल्या दांडग्याची भीती, दुसऱ्यात पैसेवाल्याची. नोझिकचं छोटं राज्य छोटंच राहील, याची हमी कोण देणार?

२० जून
मामांच्या प्रश्नाला एक उत्तर सापडलं: गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव. २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेत निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा पुढे चालू. २०१३ साली गावानं ग्रामदानाची वाट धरली: मालकी ग्रामसभेची, कसणं ज्याचं त्याचं. प्रुधाँचा ताबा आणि मालकी यांतला भेद इथं कागदावर उतरलाय. पण त्यासाठी आधार घ्यावा लागला तो २००६ च्या वनहक्क कायद्याचा आणि १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा.
म्हणजे सरकारकडून अधिकार काढून घ्यायलाही सरकारचाच कायदा लागला. मामांना फोनवर सांगितलं. म्हणाले, “मग चांगलंय की. कायदा आपल्या कामाला जुंपला त्यांनी.” दोन्ही फळ्यांवरच्या लेखकांना हे उत्तर पटलं नसतं. मला पटतंय, निदान आज तरी. आता ग्रामदान समजून घ्यायला विनोबा वाचायला घेते.