आत्याचा मान

बारशाला बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान आत्याचा. धाकट्या भावाकडे तो मला मिळाला. मी सांगितलेलं नाव इथे लिहीत नाही. जिचं होतं तिला ते नकोय. तिचं नाव सानिका.

नाव बदलणं आमच्या घराला नवं नव्हतं. आजी माहेरची कृष्णा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने ‘रमा’ लिहिलं आणि त्याच संध्याकाळी सगळं सासर तिला रमा म्हणू लागलं. एकाचीही जीभ अडखळली नाही. दत्तकाचंही तेच. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक जाऊन विष्णू वामन झाले. आपण मात्र त्यांना गजाननच म्हणणार, असा हट्ट कुणी धरल्याचं ऐकिवात नाही.

सानिकाच्या वेळी मात्र सगळ्यांच्या सवयी आड आल्या. “इतकी वर्षं तोंडात बसलंय गं,” असं म्हणणाऱ्या आमच्या काकांना तिन्ही सुनांची सासरची नावं पहिल्या दिवसापासून पाठ होती! आजीला तर कुणी विचारलंही नव्हतं. सानिकाने नाव स्वतः निवडलं, आणि तेच लोकांना जड गेलं.

एकदा तिच्याबरोबर बँकेत गेले होते. कारकुनाने अर्जावरचं जुनं नाव पुकारलं, मग आणखी मोठ्याने पुकारलं. सानिका ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. उठावं तर सगळ्या बाकांवरच्या माना वळणार, न उठावं तर काम राहणार. काम राहिलं.

१५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. कागद मात्र एकेक करून बदलावे लागतात: प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग आधार, पॅन. राजपत्रात जुनं आणि नवं नाव शेजारी छापतात. सासरचं नाव लावणाऱ्या बायकाही त्याच पानांवर असतात, आणि त्यांना “खरं नाव काय?” असं कुणी विचारत नाही.

येत्या मार्गशीर्षात तिच्या धाकट्या भावाचं लग्न आहे. करवली सानिकाच. पत्रिकेतही तेच नाव छापलंय. येणाऱ्यांनी तिला त्याच नावाने हाक मारावी. जुनं आठवत असेल, तर ते आपल्यापाशीच ठेवावं.