खांद्यावरचा खुजा

थोरांच्या खांद्यांवर उभे राहिल्यामुळे दूरचे दिसले, हे वचन जगभर आयझॅक न्यूटनच्या नावाने सांगितले जाते. ते त्याच्या एका पत्रात आहे, हे खरे. पण त्याच्या लेखणीपर्यंत पोहोचण्याआधी या वचनाने सुमारे साडेपाचशे वर्षांची वाटचाल केली होती. वाटेत त्याचे धनी बदलत गेले आणि अर्थाचा एकेक पदर गळत गेला.

त्याचा उगम व्याकरणाच्या वर्गात सापडतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथिड्रलच्या शाळेत बर्नार्ड नावाचा नामवंत शिक्षक होता. जॉन ऑफ सॉल्सबरी या इंग्रज विद्वानाने ११५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मेटॅलॉजिकॉन’ या ग्रंथात बर्नार्डचा दाखला दिला आहे. आपण महाकाय पुरुषांच्या खांद्यांवर बसलेले खुजे आहोत. त्यांच्यापेक्षा जास्त आणि दूरचे आपल्याला दिसते, पण ते आपली नजर तीक्ष्ण म्हणून किंवा आपण उंच म्हणून नव्हे, तर त्यांनी आपल्याला उचलून धरले म्हणून, असा त्याचा आशय. बर्नार्डच्या परंपरेतल्या विल्यम ऑफ काँशनेही प्रिशियन या जुन्या लॅटिन वैयाकरणावर टीका लिहिताना हीच प्रतिमा वापरली. व्याकरणकार जितके अलीकडचे, तितकी त्यांची दृष्टी सूक्ष्म, असे प्रिशियनचे म्हणणे होते. नंतरच्यांना अधिक कसे कळते, हा वर्गातला प्रश्न आणि खांद्यावरचा खुजा हे त्याचे उत्तर.

जॉन पुढे शार्त्रचाच बिशप झाला आणि ११८० मध्ये वारला. ११९४ च्या आगीनंतर तेथील कॅथिड्रल नव्याने उभे राहिले. त्याच्या दक्षिणेकडील गुलाबाकार गवाक्षाखाली रंगीत काचांच्या उंच खिडक्या आहेत. त्यांत यशया, यिर्मया, यहेज्केल आणि दानिएल या जुन्या करारातील चार संदेष्ट्यांच्या खांद्यांवर नव्या कराराचे चार शुभवर्तमानकार बसलेले दिसतात. या काचांमध्ये अनेक अभ्यासकांना बर्नार्डच्या प्रतिमेची सावली दिसते.

तेराव्या शतकात इटलीतील यहुदी धर्मशास्त्री यशाया दि त्रानी याने हे वचन तत्त्वज्ञांच्या तोंडून ऐकलेले म्हणून सांगितले. पूर्वसूरींशी मतभेद दाखवल्याबद्दल त्याच्यावर टीका होत होती. त्यांचे मोठेपण मान्य करूनही त्यांच्या पुढचे पाहता येते, असे म्हणायला त्याला ही प्रतिमा उपयोगी पडली.

सोळाव्या शतकात दिएगो दे एस्तेया या स्पॅनिश फ्रान्सिस्कन साधूच्या लूकच्या शुभवर्तमानावरील भाष्यात ते आले. तिथून ते रॉबर्ट बर्टनच्या, १६२१ मध्ये प्रथम छापलेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या ‘ॲनाटॉमी ऑफ मेलँकली’ या ग्रंथात शिरले. तेथील तळटीपेत लूकचे नाव संक्षेपाने दिले होते. पुढे बार्टलेटच्या प्रसिद्ध अवतरणकोशात तो संक्षेप ल्यूकन या रोमन कवीचा समजला गेला आणि मध्ययुगातले वचन थेट पहिल्या शतकात जाऊन बसले.

न्यूटनचे पत्र ५ फेब्रुवारी १६७६ चे आहे. इंग्लंडच्या तेव्हाच्या कालगणनेत ते साल १६७५ होते. पत्र रॉबर्ट हूकला होते आणि विषय प्रकाश व रंगांचा. देकार्तने एक चांगले पाऊल टाकले, पातळ पापुद्र्यांवरील रंगांबाबत हूकने त्यात बरीच भर घातली, असे लिहून न्यूटनने खांद्यांची गोष्ट काढली. हूक पाठीत वाकलेला होता. म्हणून काहींना त्यात टोमणा दिसतो. मात्र या पत्रव्यवहाराचा सूर अदबीचा आहे आणि दोघांमधले कडू भांडण ‘प्रिन्सिपिया’च्या वेळी, १६८६ नंतर पेटले. न्यूटनच्या वाक्यात घडलेला बदल वेगळाच आहे. त्यात महाकाय उरले, दूरचे पाहणे उरले, खुजा मात्र नाहीसा झाला.

या साऱ्या वंशावळीचा मिश्कील शोध समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६५ च्या ‘ऑन द शोल्डर्स ऑफ जायंट्स’ या पुस्तकात घेतला. तरी लोकांच्या तोंडी नाव न्यूटनचेच राहिले. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये चलनात आलेल्या दोन पौंडांच्या नाण्याच्या कडेवर हे शब्द कोरले गेले, आणि न्यूटन टांकसाळीचा प्रमुख असल्यामुळे ते तिथे शोभलेही. २००४ मध्ये सुरू झालेल्या गूगल स्कॉलरनेही तेच ब्रीद घेतले. या दोन्ही ठिकाणी खांदे आणि त्यांवर उभे राहणे एवढेच आहे. दूरचे पाहणेही गळून गेले. बर्नार्डच्या वचनात पूर्वजांचे ऋण आणि त्यांच्या पुढचे पाहण्याचा नंतरच्यांचा हक्क, दोन्ही एकाच दमात सांगितले होते. आज त्यातले ऋण तेवढे उच्चारले जाते. हक्काचा भाग वाचायचा, तर बाराव्या शतकातल्या त्या वैयाकरणाकडेच जावे लागते.