अठ्ठाविसाव्या वर्षी गटांगळ्या

लहानपणी मामाने पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. नाकातोंडात जे पाणी गेलं, त्यानंतर वीस वर्षं मी गुडघ्याच्या वर पाण्यात शिरलो नाही. यंदा म्हटलं, पुरे झालं!

टँकवर चौकशी केली. तीन पर्याय: ग्रुप बॅच, दोघांत एक सर, नाहीतर एकट्याला सर. आपण पडलो इंजिनिअर, लगेच गणित मांडलं. दहाजणांत एक तास म्हणजे माणशी सहा मिनिटं. दोघांत तीस. एकट्याला अख्खी साठ. घेतला एकट्याचा क्लास. खरं सांगू? गणित नुसतं निमित्त होतं. ग्रुपमधली सात-आठ वर्षांची पोरं हसतील, याची धास्ती होती.

पण साठ मिनिटं सरांची नजर फक्त माझ्यावर! दम खायलाही उसंत नाही. चौथ्या दिवशीही माझे हात कठड्यालाच. शेवटी सरच म्हणाले, "ते काका पण घाबरतात. दोघं मिळून या."

काका साठीचे. ते पाण्यात उतरले की मी कठड्याशी दम खात बघायचो. घाबरून डोकं वर काढलं की त्यांचे पाय खाली जायचे. अरेच्चा, मी पण हेच करतो की! सर रोज ओरडून सांगत होते, ते तेव्हा कुठे दिसलं.

काल आम्ही दोघंही तरंगलो. पाचच सेकंद, पण तरंगलो.

संध्याकाळी मामाला फोन केला. म्हणाला, "अरे, डबा बांधला होता की मी!"

हो मामा. पण तू काठावर उभा होतास.