गाडीतलं गाणं, शेजारचा पाळणा

माझ्या भाच्याने हौसेने एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली. गोव्यात तयार झालेली, दोनच माणसांची, फायबरची इटुकली गाडी! पण लोणावळ्याचा पाऊस टपावर ताशा वाजवू लागला की गाणं ऐकू कुठलं येणार? मग सबवूफर आणायचं ठरलं. मोठा खोका मावेना, म्हणून सीटमागे बसणारा चपटा घेतला. वायर थेट बॅटरीपासून आणली. बॅटरीजवळच फ्यूज हवा, नाहीतर वायर घासून आग लागायची!

गाणं झकास वाजलं. पण दारात गाडी उभी अन् फळीवरची भांडी थरथरली. बारीक सूर भिंतीशी अडतात, ढमढम मात्र आरपार जाते. शेजारी बाळंतीण. मी म्हटलं, “अरे, तुझं गाणं तिच्या पाळण्यापर्यंत पोचतंय.”

“मावशी, एवढंसं तर आहे!” तो म्हणाला.

त्याच्या कानांचीही काळजी होतीच. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. एकदा गेलेले कान परत येत नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असा हौशी असेल, तर गाणं लावून, दारं मिटून त्याला दहा पावलं लांब उभं करा. आमच्या स्वारीने तेच केलं, आणि निमूटपणे ढमढम कमी केली.