गुरुवारी साडेतीनला

बुएनोस आइरेस, मंगळवार रात्र

प्रिय आई,

पोचल्याचं दादाने सांगितलंच असेल. इथे जुलै म्हणजे ऐन थंडी; तुझी शाल पांघरूनच लिहिते आहे. आज डोकं फिरलं ते पैसे बदलताना. तू देव्हाऱ्यातल्या डबीत घडी करून ठेवलेली शंभर डॉलरची नोट! खिडकीतल्या बाईने ती उजेडात धरली, घडीवरून नख फिरवलं आणि एक शब्द न बोलता परत सरकवली. रांगेतल्या एका आजोबांनी खुणांनी समजावलं, की जुन्या, घडी पडलेल्या नोटेला इथे भाव नाही. पेसो सारखा घसरतो म्हणून सगळे डॉलर साठवतात, आणि तेही कोरे करकरीत.

जेवायला एम्पानाडा मिळाल्या. मक्याचं गोडसर सारण, कडेला आपल्या करंजीसारखी मुरड, भट्टीतून काढलेल्या गरमगरम. जिथेतिथे गोमांस, त्यामुळे मका दिसला की जीव भांड्यात पडतो. तुझ्या आमटीची फार आठवण येते.

गुरुवार संध्याकाळ

आज प्लाझा दे मायोला गेले. राष्ट्राध्यक्षांचा गुलाबी वाडा आणि कॅथेड्रल फोटोत बघ. मी चौकातच थांबले.

१५८० मध्ये शहर वसवलं तेव्हापासूनची ही जागा. मे १८१० मध्ये स्पेनच्या व्हाइसरॉयला इथे हटवलं, म्हणून चौकाला हे नाव; मायो म्हणजे मे. मधला पांढरा स्तंभ पुढच्या वर्षी उभारला. १६ जून १९५५ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांना मारण्यासाठी बंडखोर विमानांनी भरदिवसा इथे बाँब टाकले. पेरॉन वाचले, पण तीनशेहून जास्त माणसं मेली. अर्थमंत्रालयाच्या भिंतीवर त्या दिवसाचे खड्डे अजून आहेत. मी त्यात बोट घालून पाहिलं.

३० एप्रिल १९७७ ला १४ बायका इथे आल्या. लष्करी राजवटीने उचलून नेलेली आपली मुलं कुठे आहेत, एवढंच त्यांना विचारायचं होतं. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. मग त्या हातात हात घालून चालू लागल्या, पुढे दर गुरुवारी साडेतीनला. डोक्याला पांढरे रुमाल. पहिले रुमाल मुलांच्या लंगोटांचे होते. त्यांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना व्हियाफ्लोर यांनाच त्या डिसेंबरात पळवलं आणि विमानातून समुद्रात फेकलं. लाटांनी देह किनाऱ्याला आणला, तो बेवारस म्हणून पुरला गेला. २००५ मध्ये ओळख पटली. आता त्यांची रक्षा त्या स्तंभापाशी आहे.

आई, आजही फेरी निघाली. त्या आया आता थोड्याच उरल्यात, फार थकल्यात. बाकी आमच्यासारखी अनोळखी माणसं. थंडीने बोटं बधिर झाली होती, तरी मी शेवटपर्यंत चालले. १९८५ मध्ये लष्करशहांवर खटला झाला, त्यांचा म्होरक्या विदेला याला जन्मठेप झाली. पण कितीतरी मुलांचा अजून पत्ता नाही. राज्य करणाऱ्याच्या खिडकीतून रोज दिसेल अशी मोकळी जागा प्रत्येक राजधानीत हवी, आणि तिथे यायची सामान्य माणसाला मुभा हवी. आज हे मला मनापासून पटलं.

शुक्रवार सकाळ

नोट खपली एकदाची, कमी भावाने. रात्रीच्या बसने मेंदोसाला निघते. बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि त्या बायकांचा भाग गाळू नकोस.

तुझी,
सुनी