कुलूप नसलेला शोधनिबंध



माझ्या वर्गातली एक मुलगी जोडाक्षर आलं की अडखळते. अशा मुलांवर काय संशोधन झालंय, ते एका रात्री शोधत होते. पहिला निबंध उघडला तर सारांशाखाली पैसे मागणारी चौकट! दुसरा मात्र पूर्ण उघडला. शेवटी ओळ होती : युरोपीय संघाच्या निधीतून.

हा योगायोग नव्हे, तिथला नियम आहे. 'होरायझन २०२०' योजनेत निबंध सहा महिन्यांत, सामाजिक शास्त्रं व मानव्यविद्यांत बारा महिन्यांत खुला करावा लागे. २०२१ पासूनच्या 'होरायझन युरोप'मध्ये तर प्रसिद्ध होताक्षणीच. कारण साधं आहे : संशोधनाचा खर्च जनतेचा, मग वाचायला पुन्हा पैसे का?

अडचण आहेच. वाचकाकडून न मिळणारे पैसे अनेक नियतकालिकं आता लेखकाकडून घेतात. पण निबंधाची स्वीकारलेली प्रत खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवण्याची सोयही आहे.

म्हणून कुलूप दिसलं की लगेच मागे फिरू नका. शीर्षक पुन्हा शोधा. तोच निबंध एखाद्या विद्यापीठाच्या भांडारात मोफत सापडू शकतो. मला पहिला निबंध तसाच मिळाला. सकाळी वर्गात त्या मुलीजवळ बसले, तेव्हा हात रिकामे नव्हते.