थांबण्याची विद्या

शर्यतीची मोटार म्हणजे केवळ वेग, असा आमचा लहानपणीं समज होता. पुढें एका उतारावर सायकलचा ब्रेक निकामी होऊन आम्हीं गुडघे फोडून घेतले, तेव्हां थांबण्याचें मोल कळलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जॅग्वार सी-टाइप मोटारीनें जिंकली. तिचें बळ इंजिनाइतकेंच तिच्या डिस्क ब्रेकांत होतें. बंद ड्रममध्यें घर्षणाची उष्णता कोंडते व पकड ढिली पडते. उघड्या तबकडीची उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. १९५७ सालीं हीच युक्ति रस्त्यावर धावणाऱ्या जॅग्वार एक्सके १५० मोटारीच्या चारही चाकांस लाभली. आज ती साध्या मोटारींतहि आढळते. विद्यार्थिमित्रहो, ज्यास वेळीं थांबतां येतें, त्यानेंच वेगाची हौस धरावी, असें आम्हांस वाटतें.